झेरॉक्सवाल्या दादांनो, तुमच्या डी ड्राइव्हमधला तो 'पाहुणे' फोल्डर माझी करणी आहे (खुलं पत्र)

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी आणि आसपासच्या समस्त झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि पासपोर्ट फोटोवाल्या दुकानदारांना, आणि काउंटरवर दिवसभर उभ्या असलेल्या पोरापोरींना,

स. न. वि. वि.

हे पत्र तक्रारीचं पण आहे आणि माफीचं पण आहे, मध्येच एकाचं दुसरं होईल, समजून घ्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या पीसीवर एक छोटीशी फाईल चालू आहे, पेन ड्राइव्ह लावला की त्याच्यातलं सगळं गुपचूप कॉपी करणारी. ती मी लिहिली आहे. आता ती काढून टाका एवढंच सांगायला एवढा मोठा लेख लिहितोय, कारण नुसतं "काढा" म्हटलं तर कोणी काढत नाही हे मला बारा वर्षांच्या धंद्यात कळलंय (मी छोट्या ऑफिसांचे पीसी सांभाळतो, टॅली बंद पडलं की फोन येतो तो मला).

झालं असं. जूनमध्ये घराचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करायचं होतं. एजंट म्हणाला ड्राफ्टची एक प्रिंट काढून नीट वाचा, आणि पोलीस एनओसीसाठी आधार-पॅनच्या दोन दोन कॉप्या आणा. घरचा प्रिंटर वर्षातून तीनदा चालतो त्यामुळे शाई वाळलेलीच असते, म्हणून कामावरून येताना ठाणे स्टेशनच्या बाजूच्या एका दुकानात शिरलो. दुकानाचं नाव विचारू नका, सांगणार नाही. बाहेर पाऊस धो धो, आत बारा-पंधरा माणसं, अर्धी अकरावीच्या अ‍ॅडमिशनवाली, छत्र्यांचं पाणी सगळीकडे, आणि काउंटरवर एकच पोरगा, एका हाताने झेरॉक्स दुसऱ्या हाताने माउस. मी पेन ड्राइव्ह दिला. त्याने न बघता पुढच्या पोर्टला लावला, फाईल उघडली, सहा पानं मारली. सगळं मिळून तीन मिनिटं.

पण माझ्या त्या पेन ड्राइव्हला निळा लाइट आहे. वाचणं-लिहिणं चालू असलं की तो लुकलुकतो, नसलं की स्थिर. प्रिंट हातात आली, मी पैसे दिले, सुट्ट्यांवरून थोडी हुज्जत झाली, आणि लाइट अजून लुकलुकतोय. आता सहा पानांच्या पीडीएफला एवढा वेळ लागत नाही ना. त्या पेन ड्राइव्हवर ११ जीबी सामान होतं. साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला वीसेक एमबी वाचतो असं धरलं तर ११ जीबीला नऊ मिनिटं लागतात. तेवढाच वेळ तो लुकलुकत असता हे माझ्या डोक्यात लगेच आलं कारण हा हिशोब मी पूर्वी एकदा केलेला होता, त्याच कामासाठी.

मी पोराला म्हटलं, जरा डी ड्राइव्ह उघड. त्याने उघडला, त्याला काय त्याचं. आणि समोर फोल्डर, इंग्रजी अक्षरांत 'पाहुणे' लिहिलेला, त्यात 'एन' दोनदा. 'पाहुन्ने'. ते स्पेलिंग मी चुकवलेलं आहे. २०१४ साली, रात्री साडेअकराला, नौपाड्यात एका मित्राच्या दुकानात बसून.

२०१४ ची गोष्ट अशी की त्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद झाला. मित्राचं दुकान एक्सपीवर होतं, मी त्याला विंडोज ७ टाकून दिलं. तेव्हा त्याने आपलं दुखणं सांगितलं, आणि ते दुखणं खरं होतं, तुम्ही सगळे ते रोज भोगता. गिऱ्हाईक येतं, पेन ड्राइव्ह देतं, फाईल थेट पेन ड्राइव्हवरूनच उघडली जाते, प्रिंट अर्ध्यावर असताना गिऱ्हाईक म्हणतं ट्रेन चुकेल आणि ड्राइव्ह उपटून चालू पडतं. मग सॉफ्टवेअर अडकतं, उरलेली पानं येत नाहीत, तेच गिऱ्हाईक कॉलेजच्या गेटवरून फोन करून शिव्या घालतं. किंवा ब्लॅकबुकची (कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टची) दीडशे पानं बाइंडिंगला गेल्यावर कळतं की पान ४३ वर सरांची सही राहिली, परत फाईल हवी, गिऱ्हाईक डोंबिवलीला पोचलेलं. किंवा शॉर्टकट व्हायरस. आठवतोय का, फोल्डर सगळे गायब आणि त्यांच्या जागी एक एक केबीचे शॉर्टकट, आणि गिऱ्हाईकाचा आरोप की तुमच्याच मशीनने माझा डेटा उडवला. मित्र म्हणाला, यार लावल्या लावल्या सगळं आपल्याकडे उतरवून घेता आलं तर कटकटच मिटेल.

त्याला वाटत होतं की ते ऑटोरनने होईल. बऱ्याच जणांना आजही असंच वाटतं म्हणून इथे थोडं थांबतो. ऑटोरन विंडोज ९५ बरोबर आलं, सीडी टाकली की गेम किंवा सेटअप आपोआप सुरू व्हावा म्हणून. त्यात हुकूम सीडीचा असतो आणि पीसी ऐकतो. पुढे पेन ड्राइव्ह आले, व्हायरसवाल्यांनी तोच दरवाजा धरला, २००८ च्या शेवटी कॉन्फिकर नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा व्हायरस) आला तो ऑटोरनमधून पण पसरला आणि जगभर लाखो मशीनं लागली. मग विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी हा प्रकार बंदच केला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट पाठवून एक्सपी आणि व्हिस्टावर पण बंद केला. म्हणून लोक बिनधास्त असतात, की आता लावल्या लावल्या काही होत नाही. पण ते बंद झालं ते एका दिशेने. पेन ड्राइव्हने पीसीला हुकूम देणं बंद झालं. पीसीने स्वतः पेन ड्राइव्हची वाट बघत बसणं आणि आला की झडप घालणं, हे कोणी बंद केलेलं नाही आणि करता पण येणार नाही, कारण पीसी तुमचा आहे, त्याच्यावर काय चालवायचं ते तुम्हीच ठरवणार.

तर मी काय केलं, एक बॅच फाईल लिहिली (विंडोजला एकामागून एक हुकूम देणारी साधी फाईल). दर पाच सेकंदांनी बघायचं की ई, एफ, जी, एच यापैकी काही नवीन उगवलंय का, उगवलं असेल तर डी ड्राइव्हवर 'पाहुणे' मध्ये तारीख-वेळेचा फोल्डर करायचा आणि रोबोकॉपीने सगळं आत ओढायचं. रोबोकॉपी म्हणजे फाईली कॉपी करणारी कमांड, विंडोजमध्येच येते, व्हिस्टापासून, वेगळं काही टाकावं लागत नाही. नाव 'पाहुणे' का, तर मित्र म्हणाला आलेला पेन ड्राइव्ह म्हणजे पाहुणाच की. हसलो दोघंही.

पहिल्या दिवशी फजिती झाली ती पण सांगतो. मी "ड्राइव्ह आहे का" एवढंच तपासत होतो, "आत्ताच घेतला होता का" हे तपासायला विसरलो, त्यामुळे एकाच मुलीच्या पेन ड्राइव्हच्या सत्तावीस कॉप्या निघाल्या, दर वेळी नवीन वेळेचा फोल्डर. दुसरं म्हणजे रोबोकॉपीला एखादी फाईल वाचता आली नाही तर ती हार मानत नाही, आपण काही सांगितलं नाही तर ३० सेकंद थांबून परत प्रयत्न करते, असं दहा लाख वेळा. हिशोब करा, जवळपास साडेअकरा महिने होतात, तेही एका फाईलसाठी. कोणी मध्येच ड्राइव्ह उपटला की ती तिथेच तप करत बसायची. मग मी तिला सांगितलं एकदाच प्रयत्न कर आणि सोड. हे दोन्ही दुरुस्त केलं तेव्हा स्वतःवर जाम खूश होतो.

आणि तिसरी दुरुस्ती. त्याच्यावरच हे सगळं पत्र आहे खरं तर. बॅच फाईल चालू असली की स्क्रीनवर काळी खिडकी दिसते, त्यात फाईलींची नावं भराभरा सरकतात. गिऱ्हाईकं विचारायला लागली, हे काय चाललंय, व्हायरस आहे का. एक काका तर ड्राइव्ह हिसकावून निघून गेले. मित्र म्हणाला ही खिडकी घालव. मी दोन ओळींची एक व्हीबीएस फाईल (छोटी स्क्रिप्ट) केली जी बॅच फाईलला लपवून चालवते, ती स्टार्टअपमध्ये टाकली, म्हणजे पीसी चालू झाला की आपोआप सुरू होईल अशी, खिडकी गेली. प्रश्न पण बंद झाले. मला तेव्हा वाटलं की मी एक कटकट मिटवली. त्या काकांनी बरोबर प्रश्न विचारला होता आणि मी त्यांना उत्तर द्यायच्या ऐवजी प्रश्न विचारायची सोयच काढून टाकली, हे मला कळायला माझ्या स्वतःच्या पेन ड्राइव्हचा लाइट लुकलुकावा लागला.

मित्राचं दुकान २०१८ ला बंद झालं, तिथे आता मोबाइल कव्हरवाला आहे. मग ही फाईल स्टेशनला कशी पोचली? त्या जूनच्या पावसात पोराला विचारलं तर म्हणाला, "सर मला नाय माहीत, पीसी आला तेव्हापासनं हाय." पीसी कुठून आला तर शेठने जुन्या दुकानातून उचलला. म्हणजे मशीन फिरतात, माणसं फिरतात. काउंटरवरचा पोरगा एका दुकानातून दुसरीकडे लागला की त्याला सवयीचं सेटअप सोबत नेतो. आणि आमच्यासारखे असेंबल करून देणारे एक हार्ड डिस्क नीट लावली की तिचीच क्लोन (हुबेहूब कॉपी) दहा दुकानांत टाकतात, कोण परत परत विंडोज टाकणार. नंतर मी मुद्दाम हिंडलो. कळव्यात एका ठिकाणी सापडली, वाशीला सेक्टर १७ मध्ये एका ठिकाणी. दोन्हीकडे 'एन' दोनदा.

स्टेशनवाल्या दुकानात मी तो फोल्डर उघडला होता. शपथेवर सांगतो, एकही फाईल उघडली नाही, फक्त सरकवत गेलो. पण नावंच एवढं बोलतात ना. 'राजीनामा फायनल २'. 'बायोडेटा मुलगी नवीन फोटो'. 'सोनोग्राफी रिपोर्ट'. 'बाबांचं मृत्युपत्र ड्राफ्ट'. 'आधार सगळ्यांचे' म्हणून एक फोल्डर, आत चार जणांची नावं, एका घराची. यातली एकही गोष्ट त्या माणसांनी तुम्हाला दिलेली नाही. ते सहा पानं मारायला आले होते. सगळ्यात जुना फोल्डर २०१९ चा. त्यातला एखादा माणूस आता नसेल पण, आणि त्याचे रिपोर्ट तुमच्या डी ड्राइव्हवर लॅमिनेशनच्या बिलांच्या शेजारी पडलेत.

माझ्या त्या ११ जीबीत काय होतं ते पण सांगतो, म्हणजे मी शहाणा आणि बाकीचे मूर्ख असं वाटायला नको. आईचे हॉस्पिटलचे रिपोर्ट, बहिणीच्या कोर्टाच्या केसचे कागद, दोन क्लायंटचे टॅली बॅकअप. बारा वर्षं या धंद्यात, आणि एका पेन ड्राइव्हवर हे सगळं घेऊन दुकानात गेलो. एक फोल्डर मी 'हिडन' पण करून ठेवला होता, मोठा पराक्रम. रोबोकॉपी हिडन फाईली पण उचलते, मीच लिहिलेलं विसरलो. पेन ड्राइव्हला पासवर्ड लावला तरी तुमच्या मशीनवर पासवर्ड टाकून उघडला की तो उघडाच झाला, मग फाईलला काय, ती सगळं ओढणार. मोबाइल केबलने लावला तर मात्र ती काही करत नाही, कारण मोबाइलला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही. ही माझी हुशारी नव्हे, २०१४ चा आळस आहे. मोबाइलचं कार्ड काढून रीडरमध्ये घातलं की ते पण जातं.

आता तुमचं म्हणणं. मी तिन्ही ठिकाणी बोललो, त्यामुळे साधारण माहिती आहे.

एका शेठनी सांगितलं, आम्ही कोणाचं काही बघत नाही हो, वेळ कुठे आहे. मान्य. माझा विश्वास आहे. तुमच्यातले बहुतेक असेच आहात, रात्री साडेनऊला शटर ओढून घरी जाऊन झोपणारे. पण तो फोल्डर तुमच्यापुरता राहत नाही ना. उद्या पोरगा सोडून जातो, परवा पीसी बदलता. जुना पीसी कुठे जातो? एक्स्चेंजला, नाहीतर भंगारात, नाहीतर लॅमिंग्टन रोडला कोणाच्या तरी टेबलावर. आणि देताना तुम्ही डिलीट करता किंवा क्विक फॉरमॅट मारता. डिलीट म्हणजे दारावरची पाटी काढणं, माणसं आतच असतात, साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत दिसतात. हार्ड डिस्क विकायची असेल तर फॉरमॅट करताना 'क्विक'ची टिक काढा, मग विंडोज सगळीकडे शून्य लिहीत जातं, दोन-चार तास लागतात, लागू देत.

दुसरे म्हणाले, सगळेच करतात. हो, सगळे करतात कारण सगळ्यांकडे माझीच फाईल आहे, तोच तर वांधा आहे.

तिसऱ्या दुकानात ताई होत्या, त्यांचा मुद्दा मात्र वजनदार होता. म्हणाल्या, "लग्नाचे फोटो घेऊन फोटोग्राफर येतो, त्याला पूर्ण कार्डच उतरवायचं असतं, मी दर वेळी हाताने करत बसू का?" नाही ताई, तिथे आपोआप कॉपी ही चांगलीच सोय आहे, त्याला माहीत असतं, तो त्यासाठीच आलेला असतो. माझ्या घरी पण मी असंच ठेवलंय, माझा स्वतःचा बॅकअपचा ड्राइव्ह लावला की आपोआप कॉपी होते. फक्त तिथे मी ड्राइव्हचा सीरियल नंबर तपासतो, प्रत्येक फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हला एक असतो, कमांडमध्ये 'व्हॉल' टाइप केलं की दिसतो. तो जुळला तरच कॉपी, दुसरा कुठलाही ड्राइव्ह आला तर गप्प. तर ज्याचं कार्ड त्याला माहीत असेल तिथे खुशाल करा. जो सहा पानं मारायला आलाय त्याचं घर उपसू नका.

कायद्याचं पण सांगून ठेवतो, घाबरवायला नाही. २००० चा आयटी कायदा आहे त्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय डेटा कॉपी करण्याबद्दल लिहिलंय आणि त्यात काढता-घालता येणाऱ्या स्टोरेजवरचा डेटा पण स्पष्ट धरलेला आहे, म्हणजे पेन ड्राइव्ह. हेच कोणी अप्रामाणिकपणे किंवा फसवण्यासाठी केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोर्ट नाक्यावर बसणारा एक वकील दोस्त म्हणाला की कलमात परवानगी कॉम्प्युटरच्या मालकाची म्हटलीये आणि कॉम्प्युटर तर दुकानदाराचाच, तेव्हा त्याच्यावर वकील लोक दोन वर्षं कीस पाडतील. पाडू देत. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा पण आलाय, त्याचा सूर साधा आहे, ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामापुरतीच वापरा, काम झालं की ठेवू नका. तुम्ही त्या कात्रीत कशाला सापडताय, पाच रुपयांच्या पानासाठी.

आधारचं वेगळं सांगायला हवं. मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सूचना काढली होती की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, आणि सायबर कॅफेत ई-आधार डाउनलोड करू नका, केलंच तर नंतर सगळ्या कॉप्या डिलीट करा. गदारोळ झाला, दोन दिवसांत सूचना मागे घेतली. पण मास्क्ड आधार ही सोय आजही आहे, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. गिऱ्हाईकाला सांगा की ते चालत असेल तिथे तेच आणा. आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष, आणि त्याच 'पाहुणे' फोल्डरमध्ये त्याच माणसाचा बायोडेटा पडलेला असतो, नाव जन्मतारखेसकट. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला.

बरं, आता काय करायचं ते.

विंडोजचं बटण आणि आर दाबा, छोटी चौकट येईल, त्यात 'शेल कोलन स्टार्टअप' असं इंग्रजीत टाइप करा (shell:startup), मध्ये स्पेस नको. एक फोल्डर उघडेल. त्यात 'पाहुणे' नावाची (दोन 'एन'वाली) फाईल दिसली तर ती माझी. उडवा. ती फाईल ज्या बॅच फाईलला बोलावते ती बहुतेक सी ड्राइव्हवर 'टूल्स' फोल्डरमध्ये असेल, ती पण उडवा. मग पीसी रीस्टार्ट करा, कारण आत्ता चालू असलेली फाईल डिलीट केल्याने लगेच थांबेल याची खात्री नाही. मग स्वतःचाच एखादा पेन ड्राइव्ह लावून बघा, काही न करता पाच मिनिटं. डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर उगवला नाही म्हणजे झालं. उगवला, तर नंतर कोणीतरी ती हलवून टास्क शेड्युलरमध्ये (विंडोजची ठरल्या वेळी कामं आपोआप चालवायची सोय) टाकली असणार, तिथे बघा. त्यानंतर 'पाहुणे' फोल्डर सगळाच्या सगळा, न बघता, शिफ्ट दाबून डिलीट. "एखादवेळी लागेल" म्हणून काही ठेवू नका. २०१९ ची ब्लॅकबुक आता कोणालाही लागत नाही.

मग ट्रेन पकडणाऱ्या गिऱ्हाईकाचं काय? साधं करा. डेस्कटॉपवर 'आजचं' असा फोल्डर करा. गिऱ्हाईकाला विचारा कुठली फाईल, तेवढीच त्यात ओढा, त्याच्या डोळ्यांसमोर, आणि लगेच सांगा की ड्राइव्ह काढून घ्या. ड्राइव्ह परत त्याच्या हातात, प्रिंट तुमच्या मशीनवरून आरामात. दहा सेकंद जास्त लागतात, पण ड्राइव्ह विसरून जाणारे पण कमी होतात (प्रत्येक दुकानात ती विसरलेल्या पेन ड्राइव्हची प्लास्टिकची बरणी असतेच). शक्य असेल तर स्क्रीन थोडा गिऱ्हाईकाकडे वळवा. रात्री शटर ओढायच्या आधी 'आजचं' रिकामं. हे आपोआप करायचं असेल तर मी करून देतो, पण एक लक्षात ठेवा, "दोन दिवसांपेक्षा जुन्या फाईली डिलीट कर" अशी युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. कॉपी केलेल्या फाईलला बदलाची तारीख जुनीच राहते, सकाळी आलेली २०२१ ची मार्कशीट दुपारीच उडेल आणि परत शिव्या तुम्हालाच. आख्खा फोल्डर रात्री रिकामा, एवढंच.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फाईली मागवता त्याचं रामायण वेगळं आहे, ते परत कधीतरी. तूर्त एवढंच की दुकानाच्या त्या नंबरवर फोटो आपोआप डाउनलोड व्हायचं बंद करा, आणि मे महिन्यातल्या चॅट आता उडवा.

सरकारी ऑफिसांच्या बाहेरच्या दुकानांना जास्त विनवून सांगतो. कलेक्टर ऑफिसच्या समोर, वागळे इस्टेटला पासपोर्ट केंद्राच्या रस्त्यावर, बेलापूरला कोकण भवनच्या आसपास, तिथे माणूस येतो तो आयुष्याची सगळी कागदपत्रं एका पिशवीत आणि एका पेन ड्राइव्हवर घेऊनच येतो. त्याला आत खिडकीवरून परत पाठवलेलं असतं, घामेघूम झालेला असतो, तो तुमच्या हातात ड्राइव्ह देतो आणि म्हणतो, "दादा बघा ना जरा तुम्हीच, कुठली फाईल आहे ती." तिथे विचारायची सोय पण नसते, मला कळतं. तिथे तरी ती फाईल नको.

रविवारी सकाळी मी मोकळा असतो. ज्याला स्वतःला जमत नसेल त्याने माझ्या ओळखीच्या कुठल्याही असेंबलवाल्याकडे निरोप ठेवा, ठाण्यात तरी पोचतोच. पैसे नकोत, माझाच उष्टा आहे तो, मलाच उचलायला हवा. कटिंग पाजा.

आणि ज्या कोणाचा ड्राइव्ह या दहा-बारा वर्षांत असा उतरवला गेला असेल, त्यांनाही हे पत्र आहे असं समजा. तुम्हाला शोधून सांगणं शक्य नाही. शोधायचं म्हटलं तर त्या फाईली उघडाव्या लागतील, आणि ते मी करणार नाही.

कळावे, लोभ असावा (थोडा कमी झाला असेल तरी).

तुमचाच,
जादा 'एन'वाला

ता. क. दोन्ही फाईली काढा, एक नको. नुसती बॅच काढलीत आणि स्टार्टअपमधली राहू दिलीत तर रोज सकाळी पीसी चालू केला की "फाईल सापडत नाही" अशी चौकट येईल. कळव्याच्या दुकानात तसंच झालं. तिथला पोरगा आठ दिवस रोज 'ओके' दाबत होता, नवव्या दिवशी त्याने ती फाईल शेजारच्या दुकानातून परत आणून टाकली, चौकट जावी म्हणून.